हे पुस्तक तुम्ही पाहिलंत का? : संदर्भांचं सॉफ्टवेअर आणि संशोधकाची साक्ष



आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण पीएच.डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात आहेत, काही गाईडही आलेले दिसतात. विषय तसा रुक्ष वाटेल. प्रबंधासाठी जे काही वाचतो त्याची नोंद संगणकावर कशी ठेवायची, त्यासाठी मिळणारं सॉफ्टवेअर कसं वापरायचं, एवढंच. तत्त्वज्ञान शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या माणसानं यावर बोलण्याचं कारण काय, असं कुणी विचारेल. कारण आमच्याच एका फजितीत आहे. तिथूनच सुरुवात करू.

आम्ही प्रबंध लिहिला त्या काळी संगणक नव्हता. पाच बाय तीन इंचांची कार्डं आणि बुटांची रिकामी खोकी, हे आमचं साहित्य. विषय होता चार्वाकांचा प्रमाणविचार. व्हायवाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध मधेच उघडला, एका तळटिपेवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हा मूळ सूत्रग्रंथ तुम्ही कुठं पाहिलात?" आमची बोबडी वळली. आम्ही तो पाहिलाच नव्हता. पाहणार कुठून? चार्वाकांचं मूळ सूत्र, जे बृहस्पतीच्या नावावर सांगतात, ते आज अखंड स्वरूपात उपलब्धच नाही. आम्ही एका इंग्रजी पुस्तकातला संदर्भ जसाच्या तसा कार्डावर उतरवला होता आणि मधल्या पुस्तकाचं नाव लिहायचं विसरलो होतो. परीक्षक म्हणाले, "म्हणजे जो साक्षीदार तुम्ही कधी बघितला नाही, त्याची साक्ष तुम्ही कोर्टात काढलीत."

पदवी मिळाली. पण ते वाक्य आजतागायत विसरलेलो नाही. आजचं सगळं व्याख्यान त्या वाक्याभोवतीच आहे.

आता चार्वाकांचीच गोष्ट थोडी पुढे नेऊ, कारण संदर्भाचं महत्त्व सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही. चार्वाक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कर्ज काढा, तूप प्या, मजा करा. तो श्लोक शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. पण हे सांगतंय कोण? तो श्लोक ज्या ग्रंथामुळे सर्वदूर गेला तो माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह', चौदाव्या शतकातला. माधवाचार्य वेदान्ती, म्हणजे चार्वाकांचे विरोधक. आणि गंमत पाहा, त्याच ग्रंथाच्या त्याच पहिल्या प्रकरणात हा श्लोक दोनदा येतो. प्रकरणाच्या सुरुवातीला येतो तेव्हा त्यात तूपही नाही आणि कर्जही नाही. जिवंत आहोत तोवर सुखानं जगावं, मृत्यूच्या तावडीतून कुणीच सुटत नाही, असा त्याचा साधा आशय आहे. प्रकरणाच्या शेवटी तो पुन्हा येतो आणि तिथं मात्र तूप आलेलं असतं. ज्यानं मूळ पान उघडलं त्याला हा फरक दिसतो. ज्यानं ऐकीव संदर्भ पुढे ढकलला, त्यानं एका अख्ख्या दर्शनाला तुपाच्या वाटीत बुडवलं.

म्हणून आम्ही म्हणतो की संदर्भ देणं ही प्रबंधाच्या शेवटी करायची सजावट नव्हे. नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानलं, पण कुणाचाही शब्द नव्हे. आप्ताचा, म्हणजे ज्याला ती गोष्ट खरोखर माहीत आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगतो, त्याचा. तळटीप लिहिताना आपण वाचकाला सांगत असतो की मी हे अमुक ठिकाणी पाहिलं, तुम्हीही जाऊन पाहा. ते ठिकाण चुकीचं निघालं, किंवा आपण तिथं गेलोच नव्हतो असं निघालं, तर आपलं आप्तत्व संपलं.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. झोटेरो, मेंडले, एंडनोट, जॅबरेफ अशी बरीच नावं कानावर येतात. कोणतं चांगलं, यावर विद्यार्थी तासन् तास वाद घालतात. आम्ही स्वतः झोटेरो वापरतो, कारण ते फुकट आहे, आणि २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या एका इतिहास-केंद्रातून ते निघालं, त्यामुळे जुनी पुस्तकं, हस्तलिखितं, पत्रं यांच्यासाठीही त्यात सोय आहे. तुमच्या प्रयोगशाळेत सगळे दुसरं काही वापरत असतील तर तेच वापरा. पुढचं बहुतेक सगळ्यांनाच लागू आहे.

या सॉफ्टवेअरची कामं तीन. पहिलं, नोंद गोळा करणं: ब्राउझरमधलं बटण दाबलं की समोरच्या लेखाचं नाव, लेखक, वर्ष, नियतकालिक हे सगळं आपोआप येतं, किंवा पुस्तकाचा आयएसबीएन, लेखाचा डीओआय टाकला की काम होतं. दुसरं, नोंदी सांभाळणं. आणि तिसरं, आपण वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये लिहीत असताना योग्य जागी संदर्भ घालणं आणि शेवटची ग्रंथसूची तयार करणं. गाईडनं ऐन वेळी "एपीए नको, शिकागो करा" म्हटलं तर पूर्वी रात्री जागवाव्या लागत. आता संदर्भशैली बदलली की मिनिटात काम होतं.

ही सोय काय आहे, हे आमच्या पिढीला विचारा. पुण्यात डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृत महाकोशाचं काम सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून त्यांतला शब्द, त्याचं वाक्य आणि त्याचा पत्ता चिठ्ठ्यांवर उतरवला गेला. त्या चिठ्ठ्या एक कोटीच्या घरात गेल्या, आणि पहिला खंड छापून यायला १९७६ साल उजाडलं. एवढी वर्षं का लागली? कारण चिठ्ठीवरचा पत्ता चुकला तर ती चिठ्ठी असून नसल्यासारखी. तुमचं सॉफ्टवेअर म्हणजे ते चिठ्ठ्यांचं कपाटच आहे. कपाट पुष्कळ वेगवान झालं, पण चिठ्ठीवर काय लिहिलंय याची जबाबदारी अजून लिहिणाऱ्याचीच आहे.

आणि इथंच बहुतेकांची चूक होते. बटण दाबलं, नोंद आली, आपण पुढं गेलो. आलेली नोंद बरोबर आहे का, हे कुणी बघत नाही. म्हणून आमचा पहिला नियम: नोंद आली की त्याच बैठकीत, पुस्तक समोर उघडं असताना, ती दुरुस्त करायची. दोन मिनिटांचं काम असतं. तीन वर्षांनी, सहाशे नोंदी झाल्यावर, पुस्तक ग्रंथालयात परत गेल्यावर, तेच काम महिनाभर पुरतं.

काय बघायचं? काही नेहमीचे घोटाळे सांगतो.

लेखक आणि संपादक. 'सर्वदर्शनसंग्रहा'ची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संपादित केलेली आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९२४ साली काढली. आयती नोंद घेतली तर कधी अभ्यंकर लेखक होतात, कधी माधवाचार्यांचं नावच गायब होतं. सॉफ्टवेअरमध्ये लेखक, संपादक, अनुवादक असे वेगळे रकाने आहेत, ते वापरा. वर्षाचंही तसंच. नुसतं '१९२४' टाकलं की प्रबंधात 'माधवाचार्य १९२४' असं छापून येतं आणि चौदाव्या शतकातला माणूस टिळकांच्याही नंतरचा होतो. झोटेरोत 'एक्स्ट्रा' नावाचा रकाना आहे, त्यात मूळ प्रकाशनाचं साल वेगळं नोंदवता येतं. मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे फार लागतं, कारण हाती असते ती पाचवी आवृत्ती, आणि विचार मांडलेला असतो पहिल्या आवृत्तीत, चाळीस वर्षांपूर्वी.

दुसरा घोटाळा नावांचा. 'पां. वा. काणे', 'पांडुरंग वामन काणे' आणि 'काणे पी. व्ही.' ही आपल्याला एकच व्यक्ती दिसते. सॉफ्टवेअरला तीन माणसं दिसतात. मग ते बिचारं वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक ठिकाणी आद्याक्षरं लावत बसतं, आणि आपण म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलं. एक रूप ठरवा, सगळीकडे तेच ठेवा. आणि ज्यांना आडनाव नाही त्यांना ते चिकटवू नका. पाणिनी, शंकराचार्य यांच्यासाठी नावाचा रकाना एकेरी करायची खूण शेजारीच असते. संस्थांनाही तीच वापरायची. आम्ही एका प्रबंधाच्या सूचीत चक्क 'मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती' असं वाचलेलं आहे. सॉफ्टवेअरनं 'मंडळ' हे आडनाव समजून पुढे आणलं, आणि विद्यार्थ्यानं ते वाचलंच नाही.

तिसरा, नोंदीचा प्रकार. संपादित ग्रंथातला एखादा लेख वाचला तर नोंद 'पुस्तका'ची नको, 'पुस्तकातल्या प्रकरणा'ची हवी. नाहीतर लेख लिहिणाऱ्याचं श्रेय संपादकाला जातं.

चौथा घोटाळा खास आपला, लिपीचा. मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांची सूची अर्धी देवनागरीत, अर्धी रोमनमध्ये असते. आपण दोन्ही एकत्र लावल्या तर रोमन नोंदी एकीकडे गोळा होतात, देवनागरी दुसरीकडे, आणि शैली इंग्रजीसाठी घडवलेली असल्यानं दोन मराठी नावांच्या मधे इंग्रजी 'अँड' येऊन बसतो. सूची एक ठेवायची की दोन, लिप्यंतर करायचं की नाही, हे गाईडशी पहिल्या वर्षीच बोलून ठरवा. आणि प्रत्येक नोंदीत भाषेचा रकाना भरा, म्हणजे निदान इंग्रजी शीर्षकांचे नियम मराठी-संस्कृत शीर्षकांवर चालवले जात नाहीत. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रतींमधून सॉफ्टवेअरला बहुधा काहीच उमगत नाही. तिथं हातानंच नोंद करावी लागते. करावी. आळस करू नये.

आता नोंदी लावायच्या कशा, ते पाहू. झोटेरोत डाव्या बाजूला कप्पे करता येतात: प्रकरण एक, प्रकरण दोन, असे. लक्षात ठेवा, एकच नोंद दोन कप्प्यांत ठेवली म्हणजे तिच्या दोन प्रती होत नाहीत. एकच माणूस दोन मंडळांचा सभासद असावा तसं ते आहे. एका कप्प्यातून काढलं तर सभासदत्व गेलं, माणूस राहिला. कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर मात्र माणूसच गेला.

कप्प्यांपेक्षा महत्त्वाचे टॅग. विद्यार्थी विषयांचे टॅग लावतात, शंभर-शंभर, आणि नंतर त्यांतला एकही वापरत नाहीत. आम्ही फक्त तीन सांगतो: 'पाहिलं', 'वाचलं' आणि 'उसनं'.

'पाहिलं' म्हणजे पुस्तक हातात घेतलं, चाळलं, अनुक्रमणिका पाहिली. 'वाचलं' म्हणजे प्रबंधाला लागणारा भाग खरोखर वाचला. आणि 'उसनं' म्हणजे जे स्वतः पाहिलेलंच नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात त्याचा उल्लेख वाचला. 'उसनं' टॅग लावलेल्या नोंदीला 'संबंधित' म्हणून मधलं पुस्तक जोडून ठेवायचं, पान क्रमांकासकट. आमच्या त्या कार्डावर हाच एक शब्द असता तर व्हायवाच्या दिवशी मान खाली गेली नसती. उसनं घेणं हे पाप नव्हे. चार्वाकांचा अभ्यास करणाऱ्याला तर गत्यंतरच नसतं. तो जवळजवळ सगळा उसन्यावरच चालतो. सदाशिव आठवले असोत की आ. ह. साळुंखे, चार्वाकांवर मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला विरोधकांच्या ग्रंथांतूनच वाट काढावी लागली. पाप आहे ते उसनं आपलं म्हणून मिरवण्यात. प्रबंध सादर करण्याआधी 'उसनं' या टॅगवर टिचकी मारायची, जी यादी येईल ती घेऊन ग्रंथालय गाठायचं. मूळ मिळालं तर वाचायचं आणि टॅग बदलायचा. नाही मिळालं तर प्रबंधात स्वच्छ लिहायचं, 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे'.

हे न केल्यानं काय होतं, त्याचा एक नमुना सांगतो. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेनं लेखकांसाठी जी नमुना फाईल दिली होती, तिच्यात संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक काल्पनिक लेख रचलेला होता: शास्त्रीय लेख लिहिण्याची कला, असं काहीसं त्याचं नाव. असा लेख कुणी लिहिलेला नाही, असं नियतकालिकही नाही. नेदरलँड्समधले प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांच्या हे लक्षात आलं, आणि २०१७ साली त्याचा गवगवा झाला तेव्हा तो नसलेला लेख चारशेच्या आसपास लेखांच्या संदर्भसूचीत जाऊन बसलेला होता! बहुतेकांच्या बाबतीत नमुना पुसायचा राहिला असावा. पण सूची छापण्याआधी लेखकानं एकदा तरी वाचली असती, तर?

आज तर हा धोका दारात येऊन उभा आहे. यंत्राला प्रश्न विचारला की ते पाच संदर्भ लिहून देतं. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, आणि लेख मात्र कधीच न लिहिलेला. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी असे नसलेले निवाडे कोर्टापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. असा संदर्भ तुम्ही संग्रहात टाकलात तर सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही. स्वल्पविराम, तिरपा ठसा, सगळं जागच्या जागी बसवून ते खोट्याला नीटनेटकं करून देईल. मागे घेतलेला शोधनिबंध असेल तर झोटेरो इशारा देतं, ही सोय २०१९ पासून आहे. पण जो लेख जन्मालाच आला नाही, त्याचा इशारा कोण देणार? तो तुम्हीच.

आता टिपणांबद्दल. आमच्या वेळी एक शिस्त होती: लेखकाचे शब्द लाल शाईनं, आपले निळ्या. शाई गेली, शिस्त राहू द्या. सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ उघडून एखादं वाक्य रंगवलं की ते पान क्रमांकासह टिपणात येतं. तो क्रमांक एकदा ताडून पाहा, कारण कधी तो छापील पानाचा नसतो, पीडीएफच्या पानाचा असतो, आणि प्रस्तावनेची वीस-बावीस पानं मधे असली की सगळेच पत्ते चुकतात. उतारा अवतरणचिन्हात ठेवा, आपलं म्हणणं वेगळ्या ओळीत. वाङ्मयचौर्य पुष्कळदा चोरीच्या बुद्धीनं होतच नाही. दोन वर्षांपूर्वीचं टिपण आपल्यालाच आपलं वाटतं, तिथं ते होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण दुसऱ्याचा मुख्य विचार एका वाक्यात उचलला तर टक्का शून्याजवळ येईल, आणि चोरी तरी पुरी असेल. टक्केवारी यंत्र मोजतं. प्रामाणिकपणा आपल्यालाच मोजावा लागतो.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण यांच्यापायी आम्ही विद्यार्थ्यांना रडताना पाहिलंय.

एक, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका विद्यार्थिनीनं घरच्या संगणकावर 'नको असलेल्या' म्हणून दोनशे नोंदी पुसल्या, डबाही रिकामा केला. सिंकनं आज्ञाधारकपणे त्या विभागातल्या संगणकावरूनही पुसल्या. चार वर्षांचं काम होतं. तिनं सहा महिन्यांपूर्वी सगळं फोल्डर एका हार्डडिस्कवर ठेवलं होतं म्हणून निभावलं. महिन्यातून एकदा सॉफ्टवेअर बंद करून त्याचं डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. झोटेरोवर नोंदी कितीही सिंक होतात, पण पीडीएफसाठी फुकट जागा ३०० एमबीच असते. ती भरली की पुढच्या फायली वर जात नाहीत, आणि आपण मात्र निर्धास्त असतो.

दोन, वर्डमध्ये सॉफ्टवेअरनं घातलेला संदर्भ हातानं दुरुस्त करू नका. दिसायला तो साधा मजकूर असतो, पण आत तो मूळ नोंदीशी जोडलेला असतो. पुढच्या वेळी सूची ताजी केली की तुमची दुरुस्ती जाते. चूक दिसली तर नोंदीत जाऊन दुरुस्त करा. गाईडकडे फाईल पाठवताना प्रत पाठवा, कारण त्यांनी ती दुसऱ्याच कशात उघडून जतन केली तर हे धागे तुटू शकतात. छपाईला देण्याआधी मात्र वेगळी प्रत करून तिच्यातले धागे मुद्दाम सोडवून टाका. आणि मग ती ग्रंथसूची पहिल्यापासून शेवटपर्यंत कागदावर, पेन्सिल हातात घेऊन वाचा.

झोटेरो हे नाव अल्बेनियन भाषेतल्या एका क्रियापदावरून घेतलंय. त्याचा अर्थ एखादी गोष्ट मिळवणं, तिच्यावर प्रभुत्व मिळवणं असा आहे. मिळवणं सॉफ्टवेअर करतं. दिवसाला पन्नास लेख मिळवून देतं. त्यांतले जे आपण वाचले तेवढेच आपले. बाकीचे पाहुणे.

लोकायताबद्दल आणखी एक सांगून थांबतो. जयराशीचा 'तत्त्वोपप्लवसिंह' शेकडो वर्षं पडद्याआड होता. गुजरातेत पाटणच्या भांडारात त्याचं हस्तलिखित सापडलं आणि १९४० साली तो बडोद्याहून छापून आला. पण बाकीचं सगळं आपल्यापर्यंत आलं ते दुसऱ्यांनी दिलेल्या उद्धरणांतून. कुणी नीट दिलं, कुणी वाकवून दिलं. तुमच्या प्रबंधातली तळटीपही उद्या कुणाला तरी शेवटचा पुरावा ठरू शकते. तेव्हा प्रत्येक नोंदीपुढे बसून स्वतःला तोच प्रश्न विचारा, जो आम्हाला फार उशिरा विचारला गेला: हे तुम्ही पाहिलंत का?